गाडीचा विमा, घराचा विमा: पॉलिसीतल्या शब्दांचा अर्थ आणि त्यामागचा हिशोब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हप्ता भरताना बहुतेक जण एकच आकडा बघतात, शेवटचा. दावा करायची वेळ आली की मात्र आयडीव्ही, घसारा, डिडक्टिबल, एनसीबी हे शब्द पुढे येतात, आणि बिलातला कोणता रुपया कंपनीचा व कोणता तुमचा हे तेच ठरवतात. खालची उत्तरं भारतातल्या खासगी कार, दुचाकी आणि राहत्या घरांपुरती आहेत. टॅक्सी, टेम्पो, दुकान, गोदाम यांचे नियम वेगळे.

गाडी

‘थर्ड पार्टी’, ‘फर्स्ट पार्टी’ आणि ‘फुल इन्शुरन्स’ यांत फरक काय?

विमा हा करार आहे. त्यात पहिला पक्ष तुम्ही, दुसरा कंपनी, आणि तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो तिसरा. थर्ड पार्टी विमा फक्त या तिसऱ्यासाठी असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो सक्तीचा आहे. तो नसताना पहिल्यांदा पकडले गेलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा पकडले गेलात तर दंड ४,०००. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला यात वरची मर्यादा नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी ठरवेल ती. समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे: कारसाठी साडेसात लाख, दुचाकीसाठी एक लाख.

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग म्हणजे ‘ओन डॅमेज’, बोलीभाषेत ओडी. दोन्ही एकत्र असतील तर ती पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी. ‘फुल इन्शुरन्स’ हा शब्द एजंटच्या तोंडी असतो, पॉलिसीच्या कागदावर नसतो. आणि त्यातला ‘फुल’ किती फुल आहे ते पुढे येईलच.

नवीन गाडीला तीन वर्षांचा विमा शोरूमनेच काढून दिला. मग दुसऱ्या वर्षी परत हप्ता कसला?

सर्वाधिक लोक इथे फसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी पॉलिसी एकदम घ्यावी लागते. ओडीचा भाग मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपलं की ओडी गळून पडतो, पण थर्ड पार्टी चालू असल्यामुळे चौकात हवालदाराने तपासलं तरी विमा ‘व्हॅलिड’ दिसतो आणि मालक निर्धास्त राहतो. मग गेटच्या खांबाला घासून दार आत गेलं की कळतं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन तारखा छापलेल्या असतात, थर्ड पार्टी कधीपर्यंत आणि ओडी कधीपर्यंत. दुसरी तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. नुसता ओडी वेगळा, हव्या त्या कंपनीकडून घेता येतो.

दोन कंपन्यांचे हप्ते एवढे वेगळे का?

फरक सगळा ओडीत असतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्यात घासाघीस नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. दुचाकीत ७५ ते १५० सीसीला ७१४, १५० ते ३५० सीसीला १,३६६. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणून कोटेशन्सची तुलना करताना थर्ड पार्टी आणि जीएसटी बाजूला काढा. मग आयडीव्ही (अर्थ पुढच्याच प्रश्नात) सारखा आहे का, ॲड-ऑन, म्हणजे जादा पैसे देऊन जोडलेली संरक्षणं, सारखे आहेत का ते पाहा, आणि त्यानंतरच ओडीचे आकडे शेजारी ठेवा. स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये आयडीव्ही खाली ओढलेला असणं ही जुनीच युक्ती.

आयडीव्ही म्हणजे नेमकं काय? कमी ठेवला तर चालेल का?

इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर मिळू शकणारी कमाल रक्कम. आधार असतो गाडी बनवणाऱ्या कंपनीची आजची विक्री किंमत, नोंदणी आणि विमा सोडून. त्यातून वयानुसार वजावट होते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायचं.

आठ लाखांची, अडीच वर्षं जुनी गाडी असेल तर आयडीव्ही ५,६०,००० येतो. तो चार लाखांवर आणला तर हप्त्यात थोडीफार बचत होते, पण गाडी चोरीला गेली तर दीड लाखाहून अधिक तुमच्या खिशातून जातात. उलट, आयडीव्ही फुगवूनही फायदा नाही. साध्या डेंटिंग-पेंटिंगच्या दाव्यात आयडीव्हीचा संबंधच येत नाही.

कॅशलेस असूनही गॅरेजने बारा-तेरा हजार मागितले. का?

घसाऱ्यामुळे. जुना सुटा भाग काढून नवा बसवला तर नव्या-जुन्याच्या किमतीतला फरक तुमचा, असं कंपनी धरते. प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरळ ५० टक्के वजावट. फायबर ग्लासवर ३०. काचेवर शून्य. लोखंडी पत्र्याचे आणि बाकीचे भाग वयानुसार: पहिले सहा महिने शून्य, मग वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. रंगकामात मजुरी पूर्ण मिळते, रंगाच्या मालावर ५० टक्के कापतात. बिल एकत्रित असेल तर त्यातला २५ टक्के भाग माल धरतात.

तीन वर्षं चार महिने जुनी, १,२०० सीसीची कार पुढून ठोकली, असं धरून हिशोब मांडू. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवलाय.

पुढचा बंपर, प्लास्टिक: १२,०००. कंपनी देते ६,०००.
बॉनेट, पत्रा: १६,०००. २५ टक्के वजा, कंपनी देते १२,०००.
पुढची काच: ९,०००. पूर्ण.
रंगकाम: १२,०००. माल ३,००० धरला, त्यातले १,५०० कापले, कंपनी देते १०,५००.
मजुरी: ६,०००. पूर्ण.

एकूण बिल ५५,०००. कंपनीकडे निघाले ४३,५००, त्यातून सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे दर दाव्यात तुम्हीच सोसायची ठरलेली रक्कम, १,००० वजा. हातात ४२,५००. उरलेले १२,५०० तुमचे. शिवाय कूलंट, ग्रीस, नट-बोल्ट, क्लिपा यांना ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणतात. त्यांचे पैसे वेगळं ॲड-ऑन नसेल तर मिळत नाहीत.

मग झीरो डेप घ्यावा का?

झीरो डेप म्हणजे भागांवर घसारा न कापण्याचं ॲड-ऑन. वरच्याच बिलात तो असता तर तुमचे फक्त १,००० गेले असते, अधिक कन्झ्युमेबल्स. पहिली पाच वर्षं तो घ्यावा असंच आमचं मत आहे, कारण आजच्या गाडीचा पुढचा निम्माशिम्मा भाग प्लास्टिकचाच असतो. घेताना दोन ओळी वाचा: वर्षातून किती दावे चालतील (अनेक कंपन्या दोनवर थांबतात) आणि गाडीच्या कितव्या वर्षापर्यंत देतात. झीरो डेप म्हणजे शून्य खर्च नव्हे. डिडक्टिबल तसंच राहतं, इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान त्यात येत नाही, आणि फक्त टायर फुटला, गाडीला दुसरं काहीच झालं नाही, तर त्याचे पैसे मुळात मूळ पॉलिसीतच नाहीत. खड्ड्यात टायर कापला गेला की हा प्रश्न हमखास येतो.

डिडक्टिबल सक्तीचं आणि ऐच्छिक, असं दोन प्रकारचं कसं?

सक्तीचं: १,५०० सीसीपर्यंतच्या कारला दर दाव्यामागे १,०००, त्यावर २,०००, दुचाकीला १०० रुपये. ऐच्छिक म्हणजे ‘त्यावर आणखी एवढे मी सोसतो, हप्ता कमी करा’. टॅरिफच्या, म्हणजे दरपत्रकाच्या, कोष्टकात २,५०० ला ओडीवर २० टक्के सूट आहे, पण कमाल ७५० रुपये. १५,००० ला ३५ टक्के, कमाल २,५००. म्हणजे वर्षाला अडीच हजार वाचवायला पंधरा हजारांची जोखीम. वेबसाइटवर हा पर्याय कधी कधी नकळत टिक होतो. पैसे भरण्याआधी तिथे शून्य आहे ना, पाहा.

एनसीबी मोडू नये म्हणून छोटा दावा करूच नये का?

हिशोब करून ठरवा. नो क्लेम बोनस फक्त ओडीच्या हप्त्यावर मिळतो: एक वर्ष दावा नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून.

समजा बोनसआधीचा ओडी ९,००० आहे आणि सध्या तुम्हाला ३५ टक्के मिळतात. दावा केला नाही तर पुढची पाच वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५०. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. फरक झाला ४५, ३०, २५, १५ आणि ५, मिळून १२० टक्के. म्हणजे १०,८०० रुपये आणि त्यावर जीएसटी. गाडी जुनी होईल तसा ओडी उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा थोडा खाली येईल. तरी सात हजारांच्या बंपरसाठी दावा करणं इथे तोट्याचंच. चाळीस हजारांच्या बिलाला मात्र बोनसकडे बघत बसू नका.

आणखी तीन गोष्टी. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून एनसीबी पत्र मागून घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर सगळा बोनस जातो. आणि बोनस असल्याचं खोटं सांगून नवी पॉलिसी घेऊ नका. कंपन्या जुन्या कंपनीकडून खात्री करून घेतात, आणि ते दाव्याच्या वेळी बाहेर येतं.

पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली. इंजिनाचा दावा का नाकारतात?

पूर हा साध्या पॅकेज पॉलिसीत अंतर्भूत धोका आहे. सीट, कार्पेट, वायरिंग, सेन्सर यांचं पाण्याने झालेलं नुकसान त्यात बसतं. इंजिनाचं प्रकरण वेगळं. हवा आत ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं आक्रसत नाही. अशा वेळी चावी फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकला भोक पडतं. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. कंपनीचं म्हणणं असं: पाण्याने गाडी बंद पडली हा अपघात, पण नंतर स्टार्टर मारल्याने इंजिन गेलं हे परिणामी नुकसान, आणि ते पॉलिसीत वगळलेलं आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत आजही पाणी तुंबलं की गाडीवाल्यांना तोच दिवस आठवतो. मुंबई, ठाणे, चिपळूण, सांगली, कोल्हापूर, जिथे पाणी भरण्याचा इतिहास आहे तिथे इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन चैन म्हणून बघू नका.

पाण्यात अडकलात तर क्रम असा. गाडी बंद पडली की पुन्हा चालू करू नका, एकदाही नाही. ढकलून शक्य असेल तर उंचावर न्या. पाणी कुठवर आलं (दाराची कड, सीट, डॅशबोर्ड) त्याचे फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे. ओसरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. कंपनीला कळवा आणि गाडी उचलून गॅरेजला न्या, दोरीने ओढत गिअरमध्ये नव्हे. गॅरेजमध्ये आधी प्लग काढून पाणी बाहेर काढतात, ऑइल बदलतात, मग इंजिन हाताने फिरवून बघतात. ॲड-ऑन असला तरी ‘मालकाने पुन्हा स्टार्ट केली’ असं सर्व्हेअरच्या (नुकसान मोजायला येणाऱ्याच्या) अहवालात आलं तर वाद होतोच.

बाकीचे ॲड-ऑन?

रिटर्न टू इनव्हॉइस: चोरी किंवा टोटल लॉस झाला तर आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाइतकी रक्कम. नवीन, महाग गाडीला उपयोगाचा. रोडसाइड असिस्टन्स: गाडीच्या कंपनीचा आधीच असेल तर दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. चावीचं संरक्षण: रिमोट चावी महाग असेल तरच. एनसीबी प्रोटेक्ट: दावा झाला तरी बोनस टिकतो, पण किती दाव्यांपर्यंत ते छापलेलं असतं, तेवढं वाचा.

‘टोटल लॉस’ कधी ठरतो? पैसे कोणाला मिळतात?

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला की. आयडीव्ही ५,६०,००० असेल तर सीमा ४,२०,०००. आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे हायपोथिकेशन असेल तर आधी बँकेची बाकी फिटते आणि उरलं तर तुम्हाला मिळतं. कर्ज फेडूनही बोजा उतरवलेला नसेल तर पैसे अडकतात. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो उतरवा, मग पॉलिसीवरही एंडोर्समेंट (बदलाची नोंद) करून घ्या. दोन्ही वेगळी कामं आहेत. पहिलं केलं की दुसरं आपोआप होत नाही.

गाडी चोरीला गेली तर?

त्याच दिवशी पोलिसांत एफआयआर आणि कंपनीला खबर, दोन्ही. ‘दोन दिवस शोधतो, मग कळवतो’ यावरून दावे रेंगाळतात. गाडी सापडली नाही की पोलिस न्यायालयात ‘अ’ समरी अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. कंपनीला तो हवा असतो. शिवाय दोन्ही चाव्या, मूळ आरसी, आरटीओला चोरीची सूचना दिल्याची पोच, सही केलेले हस्तांतराचे फॉर्म आणि ‘गाडी पुढे सापडली तर हक्क कंपनीचा’ असं पत्र. एकच चावी देता आली तर प्रश्न उपस्थित होतात. म्हणून दुसरी चावी हरवली असेल तर तेव्हाच लेखी तक्रार करून ठेवा. दुचाकीचे सुटे सामान चोरीला गेलं आणि गाडी जागेवरच राहिली तर साध्या पॉलिसीत त्याचे पैसे नाहीत.

सेकंडहँड गाडी घेतली. जुन्या मालकाची पॉलिसी चालेल?

थर्ड पार्टीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप येतो, ओडी येत नाही. हस्तांतरापासून १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलून घ्यायला अर्ज करायचा असतो. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या, या अवस्थेत अपघात झाला तर दोघांपैकी कोणालाच स्वतःच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत: त्याची गाडी राहिली नाही, तुमचा करार झालेला नाही. जुन्या मालकाचा बोनसही तुम्हाला मिळत नाही, फरकाची रक्कम भरावी लागते.

बाहेरून सीएनजी किट बसवलं. विम्याला सांगायला हवं का?

हो, आणि आरटीओत आरसीवर नोंद करून मगच. पॉलिसीत किटची किंमत वेगळी दाखवतात, तिच्यावर ४ टक्के ओडी, आणि थर्ड पार्टीत आणखी ६० रुपये असा तो नियम आहे. रक्कम किरकोळ, पण नोंद नसताना गाडीने पेट घेतला तर कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं.

‘पीए कव्हर’ म्हणजे?

गाडीच्या मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा. तो सक्तीचा आहे, पण प्रत्येक गाडीमागे नव्हे, माणसामागे एक. दोन गाड्या असतील किंवा १५ लाखांची वेगळी अपघात पॉलिसी आधीच असेल तर दुसऱ्यांदा भरू नका. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर लागू नाही. मालकाकडे लायसन्स हवंच.

कोणत्या कारणांनी दावा खात्रीने अडकतो?

अपघाताच्या वेळी चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स नसणं. दारू पिऊन चालवणं. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने फिरवणं. सर्व्हेअरने पाहण्याआधीच गाडी खोलून दुरुस्त करून घेणं. हप्त्याचा चेक न वटणं, कारण हप्ता हाती आल्याशिवाय विमा सुरूच होत नाही. पीयूसी संपली होती म्हणून दावा नाकारतात का, असं विचारतात: तेवढ्या एका कारणावर नाकारता येत नाही, असं नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. दंड मात्र होऊ शकतो.

घर

गृहकर्जाबरोबर बँकेने विमा दिलाय. घराचा विमा झाला का?

कागद काढून बघा. बहुतेकदा तो कर्जदाराचा आयुर्विमा असतो. तुम्ही गेलात तर कर्ज फिटतं. भिंत पडली, आग लागली तर त्यातून काही मिळत नाही. घराचा विमा त्याहून कितीतरी स्वस्त असतो, आणि गंमत म्हणजे नेमका तोच काढलेला नसतो.

‘भारत गृह रक्षा’ काय आहे?

आयआरडीएआयने ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी, १ एप्रिल २०२१ पासून लागू. कंपनी कोणतीही असो, मूळ शब्दरचना तीच, म्हणून तुलना सोपी. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड आणि जमीन खचणं, दंगल, दहशतवाद, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, बाहेरून काही आदळणं हे सगळं एकत्र. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत पत्रे उडाले, झाडं घरांवर पडली. असं नुकसान यात बसतं. नारळ-सुपारीची झाडं मात्र नाही, विमा घराचा आहे, वाडीचा नव्हे.

इमारतीचा विमा काढला की घरातल्या सामानाला त्याच्या २० टक्के, कमाल १० लाख, असं संरक्षण आपोआप मिळतं. जास्त हवं तर यादी देऊन वाढवता येतं. मलबा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत, आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते.

पुण्यातला फ्लॅट ९५ लाखांचा आहे. ९५ लाखांचा विमा काढायचा?

नाही. बाजारभावात जमीन, लोकेशन आणि बिल्डरचा नफा असतो. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा फक्त पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा: कारपेट क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकाम दर. ६५० चौरस फूट आणि दर २,५०० रुपये धरला तर १६,२५,०००. त्यावर सामानाला आपोआप ३,२५,०००. ९५ लाखांचा काढला तर जास्तीचा हप्ता फुकट. दुरुस्तीला लागेल तेवढंच मिळतं.

‘अंडरइन्शुरन्स’ किंवा ‘ॲव्हरेज क्लॉज’ म्हणजे?

२० लाखांच्या वस्तूचा १० लाखांचा विमा काढला म्हणजे निम्मा धोका तुम्ही स्वतःकडे ठेवला, असं धरतात. मग दोन लाखांचं नुकसान झालं तरी एकच लाख मिळतो. भारत गृह रक्षात ही अट पूर्ण काढून टाकली आहे. पण जोडीला घेतलेल्या घरफोडीच्या किंवा इतर पॉलिसीत ती असू शकते. ‘ॲव्हरेज’ हा शब्द दिसला की थांबा.

स्लॅब गळतो, भिंतीला ओल आलीय. मिळेल का?

नाही. हळूहळू होणारी झीज, गळती, ओल, वाळवी, निकृष्ट बांधकाम, नव्या इमारतीला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा या विम्यात येत नाहीत. विमा घटनेचा असतो. कोणत्या दिवशी काय झालं हे सांगता यायला हवं. संडासातला पाइप रात्री फुटून खालच्या फ्लोअरिंगचं नुकसान झालं तर चालतं. चार पावसाळे झिरपलेलं पाणी चालत नाही.

तसंच शॉर्ट सर्किटचं. टीव्ही आतल्या आत जळाला तर तो टीव्ही वगळलेला. त्याची आग पडद्यांना लागून खोली जळाली तर खोलीचं नुकसान मिळतं.

चोरी, घरफोडी: एकच ना?

इथे शब्दाला किंमत आहे. भारत गृह रक्षात चोरी येते ती फक्त पूर-आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांत आणि तिच्यामुळे झालेली. एरवीच्या चोरीला वेगळं घरफोडीचं संरक्षण घ्यावं लागतं, आणि घरफोडी म्हणजे बळाने आत शिरणं किंवा बाहेर पडणं: कडी-कोयंडा उचकटलेला, ग्रिल कापलेलं. उघड्या दारातून मोबाइल उचलून नेला तर ती घरफोडी होत नाही, पॉलिसीत साधी चोरी वेगळी जोडलेली असेल तरच पैसे. म्हणून पंचनाम्यात तुटलेल्या कुलपाचा उल्लेख आहे ना, ते सही करण्याआधी वाचा. घर किती दिवस बंद राहिलं तर संरक्षण थांबतं, ही अटही बघा. मे महिन्यात महिनाभर गावी जाणाऱ्यांना ती लागू होते.

दागिने?

सामानात धरले जात नाहीत. ते ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळे, मान्य केलेल्या किमतीला जोडायचे. एकूण पाच लाखांपर्यंत आणि एक नग एक लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. बिलं आणि वजनासह फोटो ठेवा. रोख रक्कम यात येत नाही.

सोसायटीचा विमा आहे, भाडेकरू आहे, मग?

सोसायटीच्या पॉलिसीत सहसा इमारतीचा सांगाडा, जिना, लिफ्ट, टाक्या येतात. तुमचं फर्निचर, फ्रिज, कपडे नाहीत. सचिवांकडून प्रत मागून विमा रक्कम आणि मुदत बघा. भाडेकरूने फक्त सामानाचा विमा काढावा, भिंती मालकाच्या.

दावा आणि तक्रार

सर्व्हेअर कोण? किती दिवसांत काय व्हायला हवं?

नुकसान मोजणारा परवानाधारक. गाडीचं नुकसान ५०,००० किंवा जास्त, बाकी मालमत्तेचं एक लाख किंवा जास्त असेल तर तो लागतोच. २०२४ च्या आयआरडीएआयच्या परिपत्रकानुसार खबर दिल्यापासून २४ तासांत नेमणूक, १५ दिवसांत अहवाल, आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. सर्व्हेअर येण्याआधी पुढचं नुकसान थांबवा, ताडपत्री घाला, पाणी उपसा, पण भिजलेली गादी किंवा तुटलेला बंपर फेकू नका. फेकलेली वस्तू मोजता येत नाही. सर्व्हे अहवालाची प्रत मागून घ्या. तुमची रक्कम कुठे आणि का कापली ते त्यात ओळीने लिहिलेलं असतं.

कंपनी ऐकतच नाही. आता कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी, पोच घेऊन. पाठोपाठ आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावर नोंद. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्याची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि तोच वाद आधीच ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात नेलेला नसावा. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडाच राहतो. अर्जाबरोबर पॉलिसीची प्रत, सर्व्हे अहवाल, नकाराचं पत्र आणि मागणीची रक्कम आकड्यात लिहून द्या.